चिंचेनं घासलेला कॉर्नेट

दसरा जवळ आला की लोकांना आपट्याची पानं आठवायची, मला चिंच आठवायची. आणि डोकं दुखायला लागायचं.

माझा धंदा बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करण्याचा. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मी मुंबईतल्या फोर्टातल्या एका वाद्यांच्या दुकानातली नोकरी सोडली आणि ठाण्याला नौपाड्यात स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक खोली, एक टेबल, डाख लावायचा स्टोव्ह आणि भिंतीला खिळेच खिळे. गोरे सोल्जर निघून गेले होते, त्यांच्या बँडची वाद्यं मोडीत निघत होती, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिकडे तिकडे लग्नाचे बँड उभे राहत होते. मला वाटलं, आता आपलं चांगलं चालणार. चाललंही. पण ते कशामुळं चाललं हे सांगायला संकोच वाटतो. लोकांच्या स्वच्छतेमुळं चाललं.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पुजावं ही आपली रीत. सुतार करवत पुजतो, बँडवाला कॉर्नेट पुजतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुजायच्या आधी जे चालतं त्याबद्दल आहे. चिंचेचा कोळ, वर चुलीतली राख, हातात नारळाची शेंडी आणि मनगटात असेल नसेल तेवढा जोर. वाद्य असं लखलखीत केलं की मग गंध, हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि शेवटी नारळाच्या पाण्याचा अभिषेक. कुंकू एकदा बोटांनी दाबायच्या कळांच्या फटीत शिरलं की कळा तिथंच बसायच्या. चिंचेचा चोथा नळ्यांच्या वळणात अडकायचा. एका मोठ्या भोंग्यातून मी अख्खा चिंचोका काढलाय. "तरीच म्हटलं खालचा सूर का लागत नाही," असं म्हणून मालकानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसा काही चिंचोका मीच आत टाकला होता.

घरी निराळीच तऱ्हा. दुरुस्त केलेलं वाद्य फुंकून बघावं लागतं, त्याला इलाज नाही. आमच्या आईला हे कळलं त्या दिवशी तिनं जेवण सोडलं. "दिवसभर साऱ्या गावाचं उष्टं तोंडात घालतोस?" माझा तांब्या वेगळा झाला, आणि दुकानातून आल्यावर चूळ भरल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची बंदी झाली. बाहेरही कुणाला माझा धंदा धड कळला नाही. दारावर पाटी होती, 'पितळी वाद्यांची दुरुस्ती'. तरी महिन्यात एखादी बाई गळका हंडा घेऊन यायचीच. नाही म्हटलं तर म्हणायची, "एवढा पिपाण्यांना डाख लावताय, मग हंड्याला लावायला काय होतं?" एकदोनदा लावून दिला. ती माझी चूक झाली, कारण मग तिच्या जावा आल्या.

आता थोडं धंद्याचं सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ही दोघं एकत्र नांदतात तोवर ठीक चालतं. वाद्यावर तपकिरी, मळकट रंग चढला तर त्याला हात लावू नये. ती त्याची कातडी असते. हिरवं दिसलं तर तो कळक. घामानं, ओलीनं, आमच्या खाडीच्या खाऱ्या हवेनं येतो. दिसायला भयंकर, पण वरवरचा. कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढ्यावर जातो. वार्निशाखाली काळे दोरे पसरलेले दिसले तर समजावं की वार्निश कुठंतरी फुटलंय आणि तिथून ओल शिरलीय. गुलाबी टिपका दिसला, भोवती काळसर कडं असलेला, तर मात्र कपाळाला हात लावावा. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं. उरलेलं तांबं भुसभुशीत, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. वाजवणाऱ्याची थुंकी आतून खाते आणि घासणाऱ्याचं आंबट बाहेरून. नखानं टिचकी मारून बघायची. चांगली नळी टिण्ण म्हणते, सडलेली नुसती खट्ट करते. हिरवा डाग म्हणजे खरूज आणि गुलाबी म्हणजे क्षय, असं मी लोकांना सांगायचो.

आणि लोकांचं नेमकं उलट! हिरवा ठिपका दिसला की कळव्याहून धावत यायचे, "भाऊ, विष चढलं वाद्याला!" पण गुलाबी दिसलं तर खूश. शिवाय चांदीचा मुलामा असलेली पलटणीची सुंदर वाद्यं यायची, ती काळी पडली म्हणून इतकी घासलेली असायची की चांदी सगळी मोरीतून गेलेली. "बघा, आतून कसं पिवळं सोनं निघालं," असं मला एकानं अभिमानानं दाखवलं होतं.

कल्हईचा प्रसंग तर मी मेल्यावरही विसरणार नाही. नौपाड्यातच राहणाऱ्या एका गृहस्थांनी हौसेनं कॉर्नेट विकत घेतला. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, पितळेला कल्हई नसेल तर ताकसुद्धा कळकतं, आणि ही तर तोंडाला लावायची वस्तू! कल्हई केल्याशिवाय घरात वाजवायचं नाही. कल्हईवाला रस्त्यावर भाता लावून बसला होताच. त्यानं वाद्य निखाऱ्यांवर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. कॉर्नेटचे सगळे सांधे डाखानं जोडलेले असतात आणि डाख तेवढ्या आचेला वितळतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! गृहस्थ माझ्याकडं आले ते कॉर्नेटचे तुकडे पंच्यात बांधून. वर मलाच विचारतात, "भाऊ, ह्याला कल्हई आतून बसली असेल का हो?"

अशा सगळ्या पीडांमध्ये पहिला नंबर कल्याणच्या सखाराममास्तराचा.

सखाराम पारनाक्याजवळ राहायचा. त्याचा स्वतःचा छोटा बँड होता आणि त्यात तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे दीड-दोन वितींचा, तीन कळांचा कर्णा. बँडमध्ये गाण्याची चाल वाजवतो तो. बाकीचे ढमढम करतात, लोक गुणगुणतात ते कॉर्नेटबरोबर. सखारामच्या ओठांत खरोखर गोडवा होता. त्याची बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची मुलगी शालन, दोघंच. शालन कळती झाल्यापासून घर तिनंच चालवलेलं.

एका दसऱ्यानंतर तो दुकानात आला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. कॉर्नेट माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "भाऊ, चमत्कार बघा. पितळेचं तांबं होतंय!"

मी वाद्य उलटं केलं. तोंडाकडच्या नळीच्या खालच्या अंगाला गुलाबी टिपके, एकाशेजारी एक. टिचकी मारली. खट्ट.

"कोण घासतं हे?"

"शालन. दर शनिवारी. घरातली भांडी काढते ना घासायला, त्यातच हे पण."

"कशानं?"

"चिंचेनं. मग काय पेढ्यानं घासणार?"

मी त्याला सगळं समजावलं. जस्त, तांबं, क्षय, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण भाऊ, तांबं शुद्ध असतं. देवाला चालतं."

"अरे, देवाला चालतं, पण तुला वाजवायला चालणार नाही! भोक पडेल इथं!"

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "लग्नात सूर कोण ऐकतो? मुलीचा बाप आमच्या बँडच्या दुकानासमोर उभा राहतो, टांगलेली वाद्यं बघतो, चकाकी असली तर आत येतो. मळकं वाद्य बघून शेजारच्या बँडकडं जातो. तुम्ही सांगता तसं मळकं ठेवलं तर नळी टिकेल, आम्ही टिकू का?"

ह्यावर मी आणखीच चिडलो. पुढं कल्याणला गेलेलो तेव्हा मुद्दाम त्याच्या घरी गेलो. शालन मोरीत बसली होती. एका बाजूला तांबे, परात, समया, आणि त्यांच्याबरोबर ओळीत कॉर्नेट. मी तो आधी ओळीतून उचलला.

"शालन, आजपासून ह्याला चिंच लावायची नाही."

"का हो काका? हंड्याला रोज लावते, हंड्याला कुठं काय होतंय?"

"हंडा जाड असतो. आणि हंड्यात तुझे बाबा थुंकत नाहीत."

ती एवढी हसली की हातातली शेंडी खाली पडली. पण मग म्हणाली, "बाबांच्या वाद्याला डाग दिसला की मला कसंतरी होतं. लोक म्हणतील, आई नाही घरात म्हणून असं."

मी तिला कोरडं मऊ फडकं दिलं. फक्त ह्यानं पुसायचं. तिनं गळ्याशपथ कबूल केलं. पुढच्या खेपेला कॉर्नेट आला तो लखलखत. मी बघतच राहिलो. सखाराम म्हणाला, "फडक्यानंच पुसला हो, तुमच्याच. फक्त फडकं चिंचेच्या पाण्यात बुडवलं होतं."

अशी काही वर्षं गेली. मी ओरडायचो, ते हो म्हणायचे, गुलाबी टिपके वाढायचे. मग एकदा सखाराम पेढे घेऊन आला. शालनचं लग्न ठरलं होतं. मुलगा शीळच्या पुढच्या एका गावचा, शेतीभाती असलेला, चांगला. पेढा हातावर ठेवून त्यानं कॉर्नेट पुढं केला.

"भाऊ, एवढं लग्न निभावलं पाहिजे. पाठवणीला मी स्वतः वाजवणार."

"मुलीचा बाप कधी वाजवतो का?"

"सगळे तेच म्हणतात. कन्यादान करीन, सगळ्यांच्या पाया पडीन. पण ती निघताना मी वाजवणार, आणि ह्याच्यावरच. तिच्या बारशाला ह्याच्यावर वाजवलंय."

मी नळी बघितली. बोट दाबलं तर पत्रा दबत होता. मी सांगितलं, "नळी बदलतो. नवी आणवावी लागेल, पण बदलतो."

"नको. बदललीत की सूर बदलेल. लग्न होऊ दे, मग काय ते कापा."

ह्यात त्याचं चूक नव्हतं. तोंडाकडची नळी बदलली की वाद्याचा स्वभाव बदलतो, ओठांना नव्यानं शिकावं लागतं. शेवटी सगळ्यात वाईट जागेवर मी पितळेचं पातळ ठिगळ डाखानं बसवलं. काळपट, ओबडधोबड दिसत होतं, पण घट्ट होतं. मी त्याला चार चार वेळा बजावलं. लग्नापर्यंत वाजवायचा नाही. पुसायचासुद्धा नाही. चिंच तर घरात आणायचीच नाही, आमटीला आमसूल घाला! त्यानं मान डोलावली. ती मान मला पुरती ठाऊक होती, तरी मी विश्वास ठेवला.

लग्नाला मी गेलो तो आधी कॉर्नेट शोधत. मांडवाच्या कडेला पाटावर ठेवला होता, हळदकुंकू लावून. दुरूनच डोळे दिपले. जवळ गेलो. नुसती नळीच नव्हे, माझं ठिगळसुद्धा घासून सोन्यासारखं केलं होतं. कडेचा डाखही झिजवलेला. मी बँडवाल्यांना विचारलं, कुणी केलं हे? ते हसायला लागले आणि त्यांनी आत बोट दाखवलं.

आत शालन मुंडावळ्या बांधून बसली होती, हातापायांना हळद. मला बघून तिनंच कबूल केलं. "मीच घासला, काका. आज शेवटचं. बाबा माझ्या लग्नात वाजवणार आणि वाद्य मळकं? माझ्या सासरचे काय म्हणतील?"

बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला काय शिव्या देणार? मी दात आवळले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर येऊन तिच्या बापाला दिल्या. "आता हे वाजवू नकोस. दुसऱ्याचा कॉर्नेट घे. भर पाठवणीत फजिती होईल." तो म्हणाला, "बघू." ह्या 'बघू'नं माझ्या आयुष्यात जेवढी वाद्यं मारली तेवढी गंजानं मारली नसतील.

उन्हं कलली. सासरची लॉरी येऊन उभी राहिली. बायका रडायला लागल्या. सखारामनं डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि कॉर्नेट ओठांना लावला. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, आणि मला वाटतं त्याच्याहून जास्त घाबरलो होतो.

पहिली ओळ सुरेख लागली. दुसरीही. तिसऱ्या ओळीला 'फिस्स' झालं. सूर फाटला, नुसती हवा. माझ्या ठिगळाच्या शेजारीच, खालच्या अंगाला, भोक पडलं होतं. ढोलवाला थांबला. कुणीतरी पोरगं हसलं. सखाराम पुन्हा फुंकतोय, पुन्हा फिस्स. तोंड लाल झालेलं. मी सांगितल्याप्रमाणेच झालं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

शालन लॉरीकडं निघाली होती. ती वळली. ओटीतला नारळ एका हातानं पदरात सावरत ती बापाजवळ आली आणि दुसऱ्या हाताचं हळदीचं बोट तिनं नळीच्या खाली नेऊन नेमकं भोकावर दाबलं. बघितलंसुद्धा नाही. दर शनिवारी ती जागा तिच्या बोटाखालून गेलेली, तिला बघायची गरजच नव्हती.

सूर पुरा लागला. गोड, भरलेला, नळी नवी असल्यासारखा. ढोलवाला भानावर आला, बँड मागोमाग निघाला. चाल पुरी झाली. सखारामनं ती पुन्हा धरली. ठीक आहे, म्हटलं, दोनदा वाजवतात. ती संपली, त्यानं तिसऱ्यांदा धरली. मग पुन्हा. नवऱ्यामुलाचा मामा पुढं आला, "अहो मास्तर, आटपा की! शीळचा रस्ता खराब, उजेडात पोचायला पायजे." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सखारामचे डोळे मिटलेले. मला दिसत होतं, त्याचे ओठ सुजले होते, वरचा सूर थरथरत होता. मीच ओरडणार होतो, अरे बाबा थांब, ओठ फाटेल. आणि तोंड उघडता उघडता मला कळलं की तो का थांबत नाही. चाल संपली की बोट निघणार होतं. मी तोंड मिटून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करायला आता ह्या वयात हरकत नाही.

शेवटी शालननंच बोट काढलं.

फिस्स झालं. सखाराम क्षणभर तसाच फुंकत राहिला. मग त्यानं कॉर्नेट खाली केला, आणि ती लॉरीत चढली.

पंधरवड्यानं तो दुकानात आला. "कापा आता," एवढंच म्हणाला. मी नवी नळी बसवली. सूर बदलला, त्यानं तक्रार केली नाही. जाताना म्हणाला, "ती जुनी द्या."

"भंगार आहे ते मास्तर. काय करणार?"

"असू दे."

मी नळी कागदात गुंडाळून दिली आणि वर बजावलं, "निदान हिला तरी चिंच लावू नका." त्यानं मान डोलावली. तीच मान.

त्या दिवाळीत कल्याणला एका बँडचं काम निघालं, म्हणून वाटेत सखारामकडं डोकावलो. लग्नानंतर दोनतीनदा गेलेलो तेव्हा घर कसं सुनं, भांडी काळवंडलेली, नळी कोनाड्यात कागदातच. त्या दिवशी जिन्यावरच चिंचेचा आंबट वास आला. आयुष्यभर ज्या वासानं माझं डोकं उठलं तोच. पण मी जिन्यात थांबलो आणि पहिल्यांदाच मला तो वास बरा वाटला, कारण दार वाजवण्याच्या आधीच मला कळलं होतं की शालन माहेरी आलीय.